शेजाऱ्याची मोरी

नळाची तोटी फिरवितांच स्वच्छ पाणी यावें आणि वापरलेलें पाणी मोरींतून दृष्टिआड व्हावें, याची ज्यांना संवय झाली आहे त्यांना त्यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. ब्रिटनमधील लोकांना हें सुख कसें मिळालें, असें विचारल्यास बहुतेक जण म्हणतील कीं, तें राष्ट्र धनवान् झालें, तेथें शास्त्रांची वाढ झाली आणि त्यांच्या मागोमाग आरोग्य आपोआप चालत आलें. आम्हांला हें उत्तर अर्धेंच खरें वाटतें. धन आणि शास्त्र हीं दोन्हीं हाताशीं असतांहि त्या देशांतील शहरें कित्येक वर्षें घाणींत कुजत पडलीं होतीं. शेजाऱ्याच्या मोरीचा खर्च हा आपलाहि खर्च आहे, असें तेथील नागरिकांनीं नाखुषीनें कां होईना मान्य केलें, तेव्हांच तीं वर आलीं.

प्रथम धनाची गोष्ट पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कारखान्यांमुळें मँचेस्टर, लीड्स, लिव्हरपूल हीं शहरें झपाट्यानें वाढलीं. संपत्तीबरोबर दाटीहि वाढली. मजुरांचीं कुटुंबें ओल्या तळघरांत राहूं लागलीं. अनेक घरांस मिळून एकच शौचकूप असे. १८४२ सालीं एडविन चॅडविक यांनीं मजूरवर्गाच्या आरोग्याविषयीं अहवाल प्रसिद्ध केला. लिव्हरपूल येथें मरणसमयींचें सरासरी वय सधन वर्गांत ३५ वर्षें, तर मजुरांत अवघें १५ वर्षें, असें त्यांत दिलें होतें. मजुरांचीं मुलें पाळण्यांतच दगावत, म्हणून ही सरासरी इतकी खालीं गेली होती. रटलंडसारख्या शेतीच्या परगण्यांत मात्र मजुरांची सरासरी ३८ होती. म्हणजे खेड्यांतील निर्धन मजूर हा शहरांतील धनिकाहून भाग्यवान् ठरला! गरीब लोक आळशी व व्यसनी, म्हणूनच ते आजारी पडतात, असें म्हणण्याची त्या काळीं चाल होती. चॅडविक यांनीं दाखविलें कीं, पुष्कळदां आधीं घाण, मग रोग, आणि कर्ता पुरुष गेल्यावर मग दारिद्र्य, असा क्रम असतो.

परंतु याच चॅडविक यांच्या हातून एक मोठी चूक घडली. दुर्गंधीनेंच रोग होतात, असें तेव्हां बहुतेक विद्वान् मानीत, आणि तेहि मानीत. म्हणून घराघरांतील मैला गटारांवाटे टेम्स नदींत सोडण्याचा सपाटा सुरू झाला. घरें स्वच्छ झालीं. पण कित्येक पाणी-कंपन्या त्याच नदीचें पाणी लोकांना पाजीत होत्या. १८४८-४९ च्या पटकीच्या सांथींत लंडनमध्यें सुमारें १४,००० माणसें दगावलीं.

आतां शास्त्राची गोष्ट. पटकी हवेंतून नव्हे, पाण्यांतून पसरते, हें डॉ. जॉन स्नो यांनीं १८४९ सालींच लिहून ठेवलें होतें. १८५४ च्या सांथींत त्यांना पुरावा मिळाला. दक्षिण लंडनमध्यें दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लींत शेजारींशेजारीं गेले होते. एका कंपनीनें १८५२ सालीं आपला पाणी घेण्याचा ठाव शहराच्या वर, नदीच्या स्वच्छ भागांत हलविला होता; दुसरी शहरांतलेंच गढूळ पाणी देत होती. स्नो यांनीं घरोघर हिंडून हिशेब मांडला. सांथीच्या पहिल्या सात आठवड्यांत, दर दहा हजार घरांमागें, पहिल्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत ३७ मृत्यु, तर दुसरीच्या गिऱ्हाइकांत ३१५! त्याच वर्षीं ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोंवतीं दहा दिवसांत पांचशेंहून अधिक लोक मेले. स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यांत आला. त्या वस्तींतील तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचें म्हणणें पटलें नव्हतें. तें खोडून काढावें म्हणून त्यांनीं स्वतः चौकशी चालविली. आणि पंपाजवळच्या घरांतील एका आजारी तान्ह्या मुलाचीं लुगडीं धुतलेलें पाणी ज्या मैलकुंडांत ओतलें गेलें, त्याचा झिरपा विहिरींत जात होता, असें त्यांनाच आढळून आलें! आपलेंच मत चुकलें असें मोकळेपणानें म्हणणारा हा गृहस्थ आम्हांला स्नो यांच्याइतकाच वंदनीय वाटतो.

एवढें होऊनहि १८५५ सालीं सरकारी समितीनें स्नो यांचें अनुमान नाकारलें. ज्ञान होतें, पण तें ऐकण्याची कोणास निकड नव्हती. ती निकड १८५८ च्या उन्हाळ्यानें आणली. उष्म्यानें टेम्सला इतकी दुर्गंधि सुटली कीं, पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या औषधी पाण्यांत भिजवून लावावे लागले. गरिबांच्या गल्लींतली घाण थोरांच्या नाकापर्यंत पोंचली, आणि वादांत अडकून पडलेल्या कामास कांहीं आठवड्यांतच तीस लक्ष पौंड मंजूर झाले! एंजिनियर जोसेफ बॅझलजेट यांनीं ८२ मैलांचीं मुख्य भुयारी गटारें बांधून मैला शहराच्या खालच्या बाजूस दूर नेला. १८६६ सालीं पुन्हा पटकी आली, तेव्हां तिचा मुख्य तडाखा पूर्व लंडनला बसला. तेथें गटारांचें काम पुरें व्हावयाचें होतें, आणि न गाळलेलें पाणीहि नळांत शिरलें होतें. त्यानंतर लंडनमध्यें पटकीची सांथ आली नाहीं. स्नो मात्र हें पाहण्यास राहिले नाहींत. १८५८ च्या जूनमध्येंच त्यांचा अंत झाला.

कर भरणाऱ्यांचा या सुधारणांना विरोध होता, म्हणून त्यांना नुसतीं नांवें ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. लहान दुकानदाराला वाढता कर जड जातोच. आणि वरून हुकूम सोडण्याची चॅडविक यांची रीतहि लोकांना रुचली नाहीं. म्हणून बर्मिंगहॅमचें उदाहरण आम्हांला अधिक बोधप्रद वाटतें. १८७३ सालीं महापौर झालेल्या जोसेफ चेंबरलेन यांनीं शहराची पाणी-कंपनी नगरपालिकेकडे घेण्याचा कायदा १८७५ सालीं मिळविला. पाण्यावर नगरपालिकेनें नफा काढूं नये, नफा झाल्यास दर उतरवावा, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याच वर्षीं सार्वजनिक आरोग्याचा व्यापक कायदा झाला आणि पाणी व गटारें हीं स्थानिक संस्थांचीं कर्तव्यें ठरलीं.

हें काम एकदां करून संपत नाहीं. १९८९ सालीं इंग्लंड व वेल्समधील पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे गेला. आणि पावसांत गटारें भरून वाहूं लागलीं कीं मैला नद्यांत सोडला जातो, याबद्दल अलीकडे तेथें मोठा असंतोष माजला आहे. टेम्सखालून २५ किलोमीटर लांबीचें नवें भुयार काढावें लागलें. तें २०२५ सालीं पूर्णपणें जोडलें गेलें. आजोबांनीं बांधलेल्या घराची डागडुजी नातवालाच करावी लागते.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या दारचा केर शेजाऱ्याच्या दारांत लोटणें म्हणजे स्वच्छता नव्हे. घरांतील मैला नदींत लोटून लंडननें तीच चूक केली होती, आणि तिचें मोल हजारों प्राणांनीं दिलें. पालकांसहि आमची एवढीच विनंति आहे कीं, कराची पावती हातीं आली म्हणजे ती केवळ आपल्या नळाची समजूं नये. जें मूल आपल्या मुलाच्या शेजारीं बसून शिकतें, त्याच्या घरच्या मोरीचीहि ती पावती आहे.