थंडीत गाडी उठेना? आधी धूर पाहा

थंडीच्या दिवसांत निफाड-नाशिकच्या पट्ट्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. कांद्याची, भाजीची गाडी पहाटेच निघायची असते आणि जुना डिझेल ट्रक नेमका तेव्हाच हटून बसतो. एकाच गाडीवर घर चालत असेल तर हा प्रश्न एकट्या ड्रायव्हरचा राहत नाही. भाडं चुकलं की हप्ता, मुलांची फी, किराणा, सगळंच अडतं. म्हणून घरातल्या भगिनींनीही हे वाचावं, असं आम्हाला वाटतं. मिस्त्री कितीचा खर्च सांगतो आणि का सांगतो, हे घरालाही कळायला हवं.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि तिच्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. थंडीत लोखंड ती उष्णता खाऊन टाकतं, ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोर कमी होतो. तब्येतीची चांगली गाडी हे सोसते. जिच्यात आधीच काही दुखणं आहे, ती सोसत नाही. थंडी सहसा नवं दुखणं देत नाही, जुनं उघडं पाडते.

सेल्फ मारताना एकाने मागे उभं राहून सायलेन्सरकडे पाहावं.

सेल्फ जड फिरत असेल तर पुढचं काहीच उघडू नका. बॅटरीची टोकं घासून घट्ट करा, चासी आणि इंजिनला जोडलेली अर्थिंगची तार तपासा. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली गेली, तर बॅटरी किंवा सेल्फ थकलाय. मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, दोन्ही वेगवेगळ्या मोजा.

सेल्फ जोरात फिरतो पण धूरच नाही, म्हणजे डिझेल पोहोचत नाही. बहुतेक वेळा गाडीने एअर घेतलेली असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन डिझेल ओढणारी असते. तिथे बारीक फट असली तर डिझेल बाहेर न गळता हवा आत जाते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परततं. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि दोष सापडत नाही. हँड पंप मारून एअर काढल्यावर गाडी लगेच उठत असेल, तर रबरी पाइप, क्लिपा आणि जोडावरचे तांब्याचे वायसर बदला. फिल्टर बदलून किती दिवस झाले तेही पाहा, त्याच्या तळाचं पाणी सोडा.

पांढरा धूर येतो पण गाडी पेटत नाही, म्हणजे डिझेल पोहोचतंय, उष्णता कमी पडतेय. ज्या इंजिनांना हिटर प्लग असतात, त्यांचे प्लग आधी पाहा. प्लगवरची पट्टी सोडवा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगला लावा. दिवा लागला नाही तो प्लग जळालेला. एखादाच गेला असेल तर गाडी उठते, पण गरम होईपर्यंत थरथरते. सगळे प्लग ठीक असतील, किंवा तुमच्या इंजिनाला प्लगच नसतील, तर नोजल आणि कम्प्रेशन तपासायची वेळ आली. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होतं, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

पंप खोलण्याचा खर्च सर्वांत शेवटी. कम्प्रेशन न मोजता पंप उतरवायला सांगणाऱ्या मिस्त्रीला अदबीने विचारा, "उस्ताद, आधी एअर, बॅटरी आणि प्लग पाहिले का?" चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. चेंबर किंवा टाकीखाली चिंध्या पेटवू नका. एअर क्लिनरवर पेट्रोलचा बोळा धरू नका. हिटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तो अवेळी पेटून पिस्टन, रिंगा फोडू शकतो. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे मिनिटभर थांबा. आणि बंद शेडमध्ये गाडी तापवत ठेवू नका. धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि शेजारच्या खोलीत लेकरं झोपलेली असतात.

गाडीत एक छोटी वही ठेवा. तारीख, सेल्फ किती वेळ मारला, धूर कोणता, काय बदललं, एवढंच लिहा. आठवड्याभराची ही नोंद मिस्त्रीच्या हाती दिली की अंदाजाने सामान बदलणं थांबतं. मेहनतीच्या कमाईतला पैसा वाचवण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला तरी ठाऊक नाही.