एका गृहभेटीची किंमत

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, तरी माणसं येत नाहीत. म्हणजे इथले लोक अडाणी आहेत, असं म्हणणारे साहेब मी नोकरीभर पाहिले. गडचिरोली जिल्ह्यात आधी उपकेंद्रावर परिचारिका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून काम करताना खरं कारण मला लोकांनीच सांगितलं. धानोऱ्याकडच्या एका गावात तापाने फणफणलेल्या लेकराला प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) आण म्हणून मी एका आईच्या मागे लागले होते. रोवणीचे दिवस होते. ती म्हणाली, "बाई, दवाई फुकटची आहे, पण रोजी बुडते ना. आन् रोवणी काय माझ्यासाठी थांबते?"

तिचा हिशेब बिनचूक होता. दिवसाची मजुरी गेली, जीपचं भाडं गेलं, सोबत कुणी आलं तर त्याचीही मजुरी गेली. घरी दोन लहानगी, त्यांना कोण बघणार? ज्या घरात आजची मजुरी आजच्याच चुलीवर चढते, त्या घराला आमची मोफत सेवा सगळ्यात महाग पडते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, मग तर पैसे असूनही उपयोग नाही. अत्यंत गरीब माणसापर्यंत सेवा कशी पोचवायची याच्या नव्या नव्या कल्पना वाचनात येतात, तेव्हा मी त्या या बाईच्या हिशेबावर तपासते. तिची रोजी वाचते का?

सरकारला हे अगदीच कळलेलं नाही, असं नाही. आदिवासी भागात दवाखान्यात ठेवलेल्या आजारी बालकाच्या पालकांना बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. दूरच्या पाड्यावरच्या गरोदर बाईला दिवस भरत आले की आधीच पीएचसीजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात. दोन्ही योजना शहाणपणाच्या आहेत. पण मजुरीचे पैसे बाई घरी परतल्यावर कितीतरी दिवसांनी मिळाले, तर पुढच्या खेपेला ती येत नाही, आणि तिला दोष देता येत नाही.

याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने हा प्रश्न मुळापासून धरला. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी लोकांना विचारलं. लोक म्हणाले, तुमच्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो, आणि नातेवाइकांना राहायला जागा नसते. मग सर्चच्या शोधग्रामात झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. नातेवाईक रुग्णासोबत राहतात आणि दवाखान्याला नाव दंतेश्वरी देवीचं आहे.

त्याहून मोठं काम घराच्या उंबऱ्याच्या आत झालं. १९८८ च्या सुमारास त्यांनी बालकांच्या न्यूमोनियाचा उपचार गावातल्या माणसांच्या आणि दायांच्या हाती दिला. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि अनेक दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांच्यासाठी एक साधन बनवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न शिकलेल्या दाईला त्यावरून निदान करता येऊ लागलं. या प्रयोगाने न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी केले. आरोग्य क्षेत्रातलं याच्याइतकं हुशार यंत्र मी पाहिलेलं नाही, आणि त्याला नेटवर्क लागत नाही.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी सुरू झाली. गावातली थोडंफार शिकलेली बाई, तिचं नाव आरोग्यदूत. ती बाळंतपणाला हजर राहायची, बाळाचं वजन करायची, ताप आणि श्वास बघायची, गार पडलेल्या बाळाला ऊब द्यायची, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच जेन्टामायसिनचं इंजेक्शन द्यायची. पूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांतली सोळा-सतरा दगावत, ती संख्या तीनच्याही खाली आली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशा, यांच्यामार्फत देशभर नेली.

पण जाताना तिच्यातलं बरंच गळालं. आशाच्या हाती थर्मामीटर आला, वजनकाटा आला, फॉर्म आला. इंजेक्शन आलं नाही. २०१४ मध्ये ते ठरावीक परिस्थितीत परिचारिकेने द्यायला परवानगी मिळाली. मी स्वतः परिचारिका, म्हणून सांगते. आदिवासी भागात एका उपकेंद्राला तीन हजार लोकसंख्या हे ठरलेलं प्रमाण आहे, आणि ती लोकसंख्या जंगलात, नाल्यांपलीकडे पाड्यापाड्यांवर पसरलेली असते. जन्मानंतर दुसऱ्या रात्री बाळाने दूध सोडलं तर त्या पाड्यावर मी नसते, आशा असते. एटापल्ली तालुक्यातल्या माझ्या एका आशाने सतराशे ग्रॅमच्या बाळाला आईच्या छातीशी बांधून ठेवायला लावलं, दिवसातून दोनदा जाऊन श्वास मोजले, आणि दवाखान्यात जायला नको म्हणणाऱ्या आजीशी माडिया बोलीत बोलून तिची समजूत काढली. ते बाळ वाचलं. माझ्या मोडक्यातोडक्या माडियात मला ते जमलं नसतं. नीट शिकवलेल्या, नियमित तपासणी होणाऱ्या आशाला अशा दुर्गम गावांत इंजेक्शनचा अधिकार मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांच्या संघटनांना धोका वाटतो, तो मला समजतो. पण धोक्याची तुलना शहरातल्या नवजात अतिदक्षता विभागाशी करून चालणार नाही. त्या पाड्यावर दुसरा पर्याय काहीही न मिळण्याचा आहे.

तपासणी हा दुसरा गळालेला भाग. सर्चच्या कामात आरोग्यदूतासोबत पर्यवेक्षक घरी जाऊन बाळ पाहत, चुकलं ते तिथेच दाखवत. आमच्या सरकारी पद्धतीत आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक बाई मुख्यतः कागद गोळा करते. ती स्वतः कंत्राटी, प्रवासाचे पैसे तुटपुंजे. मोबाइलमध्ये माहिती भरायची नवी नवी कामं मात्र दर काही महिन्यांनी वाढतात. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून फॉर्म भरणाऱ्या आशा मी पाहिल्या आहेत. तेवढ्या वेळात एक बाळ बघून झालं असतं.

आता पैशाचं बोलू. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने ४२ दिवसांत सहा भेटी द्यायच्या, आणि त्या सगळ्यांचे मिळून २५० रुपये. एका भेटीचे सुमारे ४२. हा दर वर्षानुवर्षे तसाच राहिला. पाड्यावर जाऊन यायला अर्धा दिवस लागतो आणि त्यात तिची स्वतःची मजुरी बुडते. म्हणजे गरीब आईची रोजी वाचवण्यासाठी आपण दुसऱ्या गरीब बाईची रोजी बुडवतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या, २०२४ मध्ये पुन्हा मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा मासिक मोबदल्यात पाच हजारांची वाढ मिळाली. ती वाढ हक्काची होती. भेटीचा दर मात्र त्यात आला नाही.

राज्य सरकारने दुर्गम पाड्यांसाठी गृहभेटीचा दर निदान त्या दिवसाच्या शेतमजुरीइतका करावा, आणि ते पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला बँकेत जमा व्हावेत. आदिवासी भागांतल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढा एकच प्रश्न लावून धरावा, आणि तुमचे आमदार तो विचारतात की नाही, हे वाचकहो, तुम्ही त्यांना विचारा.