उसना की घरचा?

जानेवारीत खेळाडूंचा बाजार उघडला की इंग्लंडमधल्या अडचणीतल्या फुटबॉल क्लबांचे डोळे दुसऱ्यांच्या अंगणाकडे वळतात. 2023 मध्ये मँचेस्टर युनायटेडने वाउट वेगहॉर्स्टला उसना आणला. प्रीमियर लीगमध्ये तो 17 सामने खेळला. गोल एकही नाही.

आता न्यूकॅसलचा जोएलिंटन पाहा. 2019 मध्ये सुमारे 4 कोटी पौंड मोजून आणलेला हा स्ट्रायकर पहिल्या मोसमात लीगमध्ये जेमतेम 2 गोल करू शकला आणि टवाळीचा धनी झाला. नोव्हेंबर 2021 मध्ये एडी हाउ प्रशिक्षक म्हणून आले. नॉर्विचविरुद्ध सहकाऱ्याला लवकर लाल कार्ड मिळालं, जोएलिंटन मिडफिल्डमध्ये सरकला आणि तिथलाच झाला. ताकद, धाव, चेंडू हिसकावण्याची जिद्द त्याच्यात होतीच. हाउंनी या गुणांना योग्य जागा दिली.

उसनवारी सरसकट वाईट नाही. जेसी लिंगार्डने 2021 मध्ये वेस्ट हॅमसाठी 16 लीग सामन्यांत 9 गोल केले. खुद्द हाउंनीही मॅट टार्गेटला उसना घेतला होता. पण असा खेळाडू बहुधा मोसमाअखेर परततो आणि त्याच्यावर घेतलेली मेहनतही सोबत नेतो. म्हणून आधी सरावाचं मैदान, मग बाजार, हाच क्रम योग्य.

मार्च 2025 मध्ये न्यूकॅसलने वेम्बलीवर लिव्हरपूलला 2-1 असं हरवून लीग कप जिंकला. 1955 नंतरचा त्यांचा हा पहिला मोठा देशांतर्गत चषक. मिडफिल्डमध्ये जोएलिंटन होता.