सापळ्यात सापडतात ते शब्द

पोलीस हात टेकतात, मग हौशी गुप्तहेर खोटी बातमी पेरतो, खुनी बिथरून पुढे येतो आणि मुद्देमालासह सापडतो. बाबूराव अर्णाळकरांचा धनंजय ते अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल अशा शोधकांवर पोसलेल्या वाचकाला हा शेवट प्रिय असतो. कथेत तो जमतो, कारण खुनी कोण हे लेखकाला ठाऊक असते. प्रत्यक्षात सापळा लावणाऱ्याजवळ नुसता संशय असतो आणि त्या संशयाच्या मापानेच सापळा बेतला जातो. म्हणून खुनाच्या तपासात हौशी माणसाने या वाटेला जाऊच नये.

हौशींचे सोडा, लंडनच्या पोलिसांचे काय झाले ते पाहा. जुलै १९९२ मध्ये विम्बल्डन कॉमन या मोकळ्या रानात एका तरुण आईचा तिच्या लहानग्या मुलासमोर खून झाला. तिथे कुत्रा फिरवायला जाणाऱ्या एका एकलकोंड्या माणसावर संशय आला. मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने एका महिला पोलिसाने नाव बदलून त्याच्याशी मैत्री केली. कित्येक महिने पत्रे, फोन, भेटी चालल्या. ती प्रेमाचे आमिष दाखवत होती आणि तिला खूश ठेवायला त्याची पत्रे अधिकाधिक भडक होत होती. हा खून तू केला असतास तर बरे झाले असते, असेही तिने सुचवले. त्याने माफी मागितली, पण आपण तो केला नाही म्हणून सांगितले. तरी त्याच्यावर खटला भरला गेला. १९९४ मध्ये न्यायमूर्ती ऑग्नल यांनी हा पुरावा फेटाळला आणि तो सुटला. त्याआधीच, नोव्हेंबर १९९३ मध्ये, खऱ्या मारेकऱ्याने आणखी एका स्त्रीचा आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीचा जीव घेतला होता. विम्बल्डनचा गुन्हा त्याने कबूल केला तो थेट २००८ मध्ये.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे लाचलुचपतवाले रोज सापळा रचतात, तो कसा चालतो? चालतो, कारण तिथे गुन्हा पंचांच्या समक्ष घडतो. नोटांना पावडर लावलेली असते, हात द्रावणात बुडवले की द्रावण गुलाबी होते. तरीही लाच मागितल्याचे सिद्ध झाले नाही तर नुसत्या रंगावर शिक्षा टिकत नाही. खून मात्र होऊन गेलेला असतो. सापळ्यात येतात ते शब्द, आणि भीती, बढाई किंवा प्रेमापोटी माणूस वाटेल ते बोलतो. फसवून मिळवलेली कबुली केवळ फसवणुकीमुळे बाद होत नाही, हे खरे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २२ तसे सांगते. पण खासगी माणसापुढची कबुली न्यायालये दुबळाच पुरावा धरतात आणि तिला दुजोरा मागतात. शिवाय सावध झालेला खुनी हत्यार आणि कपडे नाहीसे करतो, ते वेगळेच.

राहिला प्रश्न पोलीस ढिम्म असतील तेव्हाचा. नातेवाइकांचा हा संताप रास्त आहे आणि सापळ्याचा मोह बहुधा त्यातूनच होतो. पण गुन्हा नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. ही वाट कंटाळवाणी आहे, खेटे घालावे लागतात. तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातले सीसीटीव्ही चित्रण पुसले जाऊ शकते. ते जपून ठेवावे असा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.