‘शुगर-फ्री’ या शब्दात काय नाही

गेल्या दिवाळीत आमच्या आत्यांनी ‘शुगर-फ्री’ काजूकतलीचा डबा दोन दिवसांत संपविला. मी हटकले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, यात शुगरच नाही, मग माझी शुगर वाढेल कशी?” एका वाक्यात ‘शुगर’ दोनदा आली, पहिली डब्यातली, दुसरी रक्तातली. मधुमेहालाच ‘शुगर’ म्हणण्याचा प्रघात आपल्या घरांत इतका रुळला आहे की, हे इंग्रजी जोडविशेषण आपण ‘शुगर न वाढविणारे’ असेच वाचतो.

वस्तुतः शब्दाच्या शेपटाला लागलेले ‘फ्री’ फक्त ‘विरहित’ एवढेच सांगते. (एकावर एक मिळणारे ‘फ्री’ ते निराळे!) काय नाही ते कळते, काय आहे, याविषयी शब्द मौन पाळतो. बिस्किटातल्या मैद्याचे पोटात ग्लुकोजच होते. साखरेऐवजी वापरलेले माल्टिटॉलही रक्तशर्करा काही प्रमाणात वाढविते आणि अधिक खाल्ल्यास पोट बिघडविते. काजूतले उष्मांक तर कोठेच जात नाहीत.

आपल्याकडील 2018 च्या नियमांनुसार 100 ग्रॅम पदार्थात शर्करा 0.5 ग्रॅमहून अधिक नसेल, तरच हा शब्द छापता येतो. ‘नो ॲडेड शुगर’चा अर्थ वेगळा: वरून साखर घातलेली नाही, इतकाच. खजुराच्या लाडवावर तो शब्द खुशाल शोभेल, पण खजुराचा निम्म्याहून अधिक भाग मुळातच शर्करेचा असतो. म्हणून वेष्टन उलटून ‘कार्बोहायड्रेट’ची ओळ वाचावी. आपला ‘बिनसाखरेचा’ हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. बिनसाखरेची खीर वाटेल तेवढी प्यावी, असे कोणाच्या मनात येत नाही.

या शब्दाचा खरा धोका मात्र उलट्या बाजूने येतो. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना अकस्मात घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. रक्तशर्करा 70 च्या खाली गेल्याची ही लक्षणे असू शकतात. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर त्याला लगेच सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे, साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे व 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असल्यास ग्लुकोजच हवे; त्या औषधांमुळे साखरेचे पचन मंदावते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. अशा वेळी घाबरलेला हात ‘शुगर-फ्री’ सरबताकडे किंवा गोड गोळीकडे गेला, तर जीभ गोड होते, रक्त नाही.

हे आत्यांना समजावून सांगताना मी त्यांच्या फळीवर नजर टाकली. गोड गोळ्यांच्या चार डब्या होत्या. साखर कुठेच नव्हती. आता तिथे ग्लुकोजची एक पुडी असते. तिच्यावर आत्यांनीच लाल शाईने लिहून ठेवले आहे: ‘चक्कर आल्यास हीच. शुगर-फ्री नव्हे.’