दुखऱ्या गुडघ्याची तयारी

मागच्या अंकात उत्तरपत्रिका तपासण्याबद्दल लिहिलं होतं. शेवटी जाता जाता ‘सध्या गुडघ्याच्या भानगडीत आहे’ एवढं एक वाक्य टाकलं, तर पत्रं आणि फोन आले ते सगळे गुडघ्याबद्दल. कुणी तेल सुचवलं, कुणी मेथीचे लाडू, आणि इचलकरंजीच्या एका भगिनीने सरळ विचारलं, “गुडघा दुखतो म्हणता आणि ट्रायथलॉनचं नाव नोंदवलं म्हणून ऐकलं, खरं काय?” दोन्ही खरं आहे. म्हणून या महिन्यात गुडघाच.

जानेवारीत शाळेच्या ग्रंथालयात कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून एक व्याकरणाचं पुस्तक काढायला उकिडवी बसले. उठताना डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूला ‘कट्’ असा आवाज आला. ना पडले, ना घसरले. दुसरा तास घेतला, मधल्या सुट्टीत चहा घेतला. संध्याकाळपर्यंत वाटीच्या बाजूचा खळगा भरून गुडघा गोल झाला होता आणि जिना उतरताना कठडा धरावा लागत होता.

एमआरआयमध्ये कळलं की मेनिस्कसला चीर गेली आहे. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन गाद्या असतात, हिलालसारख्या कोरीच्या आकाराच्या. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधला धक्का त्या झेलतात. त्यांच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतो, त्यामुळे आतली चीर सहजी भरून येत नाही. डॉक्टर म्हणाले, “वयाचा भाग आहे.” चव्वेचाळिसाव्या वर्षी हे वाक्य ऐकायला बरं वाटत नाही.

नात्यातल्या निम्म्या लोकांनी दुर्बिणीने ऑपरेशन करून टाक म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी मात्र आधी तीन महिने व्यायाम करायला लावला. नंतर मी वाचलं की नॉर्वेत अशाच, झिजेतून आलेल्या चिरांच्या 140 रुग्णांवर अभ्यास झाला होता आणि तो 2016 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना बारा आठवडे व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या त्रासात म्हणण्यासारखा फरक नव्हता. अपघाताने गुडघा अडकून बसला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा माझं वाचून कुणी आपल्या डॉक्टरांशी वाद घालू नये.

तिसऱ्या दिवसापासून नमाज खुर्चीवर सुरू झाली. आजाऱ्याला सवलत आहे, त्यात कमीपणा काही नाही, हे मी वर्गात मुलींना कितीदा सांगितलं असेल. स्वतःवर वेळ आली तेव्हा सवलत घेतली, पण अत्तहिय्यातला जमिनीवर बसलेल्या बायकांच्या रांगेमागे मी एकटी खुर्चीत, हे काही पचलं नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, “तुम्हाला नक्की काय करता यायला हवंय?” मी म्हणाले, “जमिनीवर बसता यायला हवं.” त्या म्हणाल्या, “गुडघा पूर्ण दुमडणं सगळ्यात शेवटी येतं. घाई करू नका.”

त्यांनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर डावी मांडी उजवीपेक्षा दीड सेंटिमीटरने बारीक झाली होती, तीही अवघ्या तीन आठवड्यांत. गुडघा दुखतो म्हणून आपण पाय वापरत नाही, मांडीचा स्नायू सुकतो, मग गुडघ्याला आधार देणारं कुणी उरत नाही आणि तो आणखी दुखतो. व्यायाम अगदी साधे होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच आकडे मोजेपर्यंत खाली दाबायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. पुढे भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसायचं, मग एका पायरीवरून हळूहळू उतरायचं. इतके कंटाळवाणे की विचारू नका.

आमच्या अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, बारा वर्षं खुर्चीवर नमाज पढतात. मी चटईवर पडून टॉवेल दाबतेय हे त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि एक दिवस स्वतःच दिवाणावर पाय पसरून म्हणाल्या, “मेरे घुटने के नीचे भी रख एक टावेल.” तेव्हापासून असरनंतर आम्ही दोघी मिळून मोजतो. त्या मोजताना चार नंतर सहा म्हणतात, मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

एप्रिलमध्ये सायकल आणि पोहण्याची परवानगी मिळाली. धावणं सगळ्यात शेवटी. त्याच सुमारास मुलाने मोबाइलवर डिसेंबरातल्या ट्रायथलॉनची जाहिरात दाखवली आणि म्हणाला, “अम्मी, तुझे दोन भाग तर चालूच आहेत.” सगळ्यात छोट्या गटात 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं, एकापाठोपाठ एक. मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी ‘जिद्द’ या शब्दाचा अर्थ समजावताना नववीच्या वर्गात ते बोलून गेले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “टीचर, सच में करेंगे?” आमच्या शाळेत आठवीपर्यंत मुली खो-खोत जीव तोडून धावतात. नववीत त्याच मुलींची नावं क्रीडादिनाच्या यादीतून गळतात. यंदा बावीसपैकी चौघींनी नावं दिली. कारणं प्रत्येकीची वेगळी असतात: कपडे, वेळ, घरचे. विचारणारी त्या चौघींत नव्हती. मी हो म्हणून बसले.

हा खेळ तसा फार जुना नाही. अमेरिकेत सॅन डिएगो इथे 1974 साली पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली. त्यानंतर हवाईत पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांच्यात जास्त दमदार कोण, या वादातून तिथल्या तीन जुन्या शर्यती एकत्र जोडल्या गेल्या आणि 1978 साली पहिली आयर्नमॅन भरली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली, बाई एकही नव्हती. पुढच्याच वर्षी लिन लेमेअर नावाची एक बाई उतरली आणि सगळ्यांत पाचवी आली. माझ्या वयाच्या बायकांसाठी मला जास्त भावली ती मॅडोना बुडर. ही ख्रिस्ती जोगीण, धावायला लागली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पहिली ट्रायथलॉन बावन्नाव्या वर्षी, आणि 2012 साली ब्याऐंशीव्या वर्षी तिने आयर्नमॅन पूर्ण केली.

गल्लीतल्या एका खालांनी “या वयात पोरींसारखं पळणं शोभतं का” म्हटलं, तेव्हा मी त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (र.) यांच्या शर्यतीची आठवण दिली. त्या म्हणाल्या, “वो बात अलग है.” मी वाद वाढवला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनीच सुनेला माझ्याबरोबर तलावाकडे फिरायला पाठवलं.

कपड्यांचं विचारणाऱ्या भगिनींसाठी थोडं. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या अहेदा झनेटी या लेबनानी वंशाच्या बाईंनी पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख तयार केला, त्याच धर्तीचा मी मागवला. सैल पोशाखात हवा भरते आणि पाण्यात तो मागे ओढतो, म्हणून अंगाबरोबर बसेल असा घ्या आणि वरून पातळ झगा. सायकलवर सलवारीची मोहरी घोट्याशी रबराने बांधायची, नाहीतर चेनमध्ये जाते. आयोजकांना मी आधीच पत्र लिहून विचारलं, अशा पोशाखाला हरकत नाही असं उत्तर आलं. तलावात महिलांसाठी राखीव वेळ दुपारी असते, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की थेट तिकडे.

पोहायला मी लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले होते. पण ते पोहणं बेडकासारखं, त्यात पाय बाहेर फेकताना गुडघ्याला पीळ बसतो. पहिल्याच दिवशी ते कळलं. मग या वयात नव्याने शिकले: तोंड पाण्यात, श्वास कुशीला, पाय सरळ. सुरुवातीला मांड्यांमध्ये फोमचा ठोकळा धरून फक्त हातांनी. पहिल्या दिवशी पंचवीस मीटरमध्ये दोनदा पाणी प्यायले. ऑगस्टपर्यंत न थांबता 600 मीटर जमायला लागलं.

सायकल मुलाची, गिअरची. मॅडमनी सीट चांगली तीन बोटं वर घ्यायला लावली. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे पुढच्या पंजाने मारताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघा फार दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. गिअर हलका ठेवायचा आणि पाय भरभर फिरवायचे, मिनिटाला ऐंशीच्या आसपास. पन्हाळ्याकडचा चढ मला मना होता. पावसाळाभर सायकल ओसरीत लोखंडी स्टँडवर लावून भिंतीकडे बघत चालवली.

या सगळ्यात मी जी चूक केली ती आता सांगते. सप्टेंबरात धावायला सुरुवात झाली. चार मिनिटं चाल, एक मिनिट धाव, असं वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. पाच महिन्यांच्या पोहण्या-सायकलीने दम वाढला होता, त्यामुळे ते एक मिनिट चेष्टेसारखं वाटायचं. चौथ्या आठवड्यात रंकाळ्याच्या काठी सकाळी गार वारा होता, पाय हलके होते, श्वास लागत नव्हता. घड्याळ बघायचं सोडलं आणि सलग चार किलोमीटर धावले. गुडघा एका शब्दाने बोलला नाही. घरी येऊन सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी फजरला उठले तर खळगा भरलेला. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, तो जिना मी पुन्हा जानेवारीसारखा आडवा होऊन उतरले. नऊ दिवस सूज होती. मांडी घालून बसणं नुकतं जमायला लागलं होतं, तेही गेलं.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमचं हृदय आणि फुप्फुसं डिसेंबरच्या शर्यतीला आजच तयार आहेत. गुडघा अजून मे महिन्यात आहे.” श्वास आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतं, स्नायू त्यापेक्षा हळू आणि सांध्यातल्या गाद्या, स्नायुबंध हे फारच हळू. पोहणं आणि सायकल यांत शरीराचं वजन गुडघ्यावर पडत नाही, म्हणून दम वाढतो, पण धावण्याचा धक्का झेलायला गुडघा शिकत नाही. नुसती धावणारी बाई दमून थांबली असती. मी दमलेच नाही, म्हणून थांबले नाही. तीन खेळ एकत्र करणाऱ्याने दुखापतीतून उठताना ज्याला जपायचं ते हे.

आता माझा नियम घड्याळावर आहे, उत्साहावर नाही. धावताना दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण दुसऱ्या सकाळी जिना उतरताना ते आदल्या दिवसाइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. वाढलं तर पुढची धाव रद्द. आठवड्याला साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. हा ढोबळ नियम आहे, पण माझ्यासारख्या उतावळीला ढोबळच बरा. सायकलवरून उतरून लगेच धावण्याचाही सराव केला. त्याला ‘ब्रिक’ म्हणतात. पहिली पाच मिनिटं पाय दुसऱ्याच कुणाचे तरी असतात.

नोव्हेंबरअखेर हे लिहितेय. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल असं साडेतीन किलोमीटरपर्यंत आलंय. सलग पाच धावणं डिसेंबरात होणार नाही, हे आता पक्कं आहे. शर्यत पुढे ढकलून पुढच्या वर्षी करावी का, यावर घरात दोन रात्री चर्चा झाली. हे म्हणाले, “पोहणं आणि सायकल कर, धावायला मुलगा उतरेल, सांघिक गटात नाव बदलून घेऊ.” मॅडम म्हणाल्या, “चालत-धावत करा, वेळेची मर्यादा भरपूर आहे. पण सायकलवरून उतरल्यावर गुडघा भरलेला दिसला तर पायातली पट्टी काढून द्यायची आणि घरी यायचं. कबूल असेल तर सही करते.” मी कबूल केलं. वर्गालाही सांगितलं की टीचर कदाचित तिसरा भाग अर्ध्यात सोडतील. मागच्या बाकावरची ती म्हणाली, “तो भी दो तो होंगे ना.” क्रीडादिनाची यादी तिने परत मागून घेतली. नाव लिहिलं की नाही, मी अजून बघितलेलं नाही.

परवा इशाला पोटरी आणि मांडीच्या मध्ये घडी घातलेली चादर ठेवून जमिनीवर अत्तहिय्यातला बसले. दोन रकात जमल्या, उरलेल्या खुर्चीवर. अम्मांनी सलाम फेरल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तालाब को कितने बजे निकलना है? मैं भी आती.” पहाटे साडेचारला निघायचंय. त्यांची खुर्ची गाडीत मागे बसते का, ते उद्या बघायचं आहे.