‘ण’ काय कुणाच्या बापाचा?

सुरतेच्या गोडादऱ्यात मराठी ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. लिंबायत, डिंडोली, उधना, गोडादरा हा पट्टाच धुळे-नंदुरबार-जळगावकडून आलेल्या माणसांनी भरलेला. भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीत बसायचं, उधन्याला उतरायचं आणि कुणा गाववाल्याच्या ओळखीनं लूमवर नाहीतर साडीच्या कामाला लागायचं. अशा दोन-तीन पिढ्या इथं रुजल्या. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, बाजारात हिंदी.

तिथल्या एका स्नेह्यांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. दिवेलागणीला घरातल्या पाचवीतल्या मुलाला श्लोक म्हणायला उभं केलं. त्यानं न अडखळता म्हटला. फक्त ‘कल्याण’चं ‘कल्यान’ झालं. पुण्याहून आलेले एक पाहुणे मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “अरे, ‘ण’ म्हण, ‘ण’! ही संस्कृत भाषा आहे, तुमची अहिराणी नव्हे!” मग सगळेच हसले. मुलाची आईही हसली, ते मला जास्त लागलं. पोरगं आत गेलं ते जेवणाची पानं मांडेपर्यंत बाहेर आलं नाही. आईनं हाक मारली तेव्हा त्यानं ओ दिली ती गुजरातीत.

आता गंमत पाहा. पाहुण्यांनी त्या एका वाक्यात स्वतःच दोन चुका केल्या होत्या. ते ‘संस्क्रुत’ म्हणाले आणि ‘भाशा’ म्हणाले. ‘ऋ’ हा स्वर आहे. आपण मराठी माणसं त्याचा ‘रु’ करतो, हिंदीवाले ‘रि’ करतात. ‘ष’ मूर्धन्य, म्हणजे ‘ण’च्याच घरातला, जीभ वर वळवून काढायचा. तो आपण ‘श’सारखाच उच्चारतो. मुलानं मूर्धन्य ‘ण’चा दंत्य ‘न’ केला, पाहुण्यांनी मूर्धन्य ‘ष’चा तालव्य ‘श’ केला. मोडला तो नियम एकच. मग एकाला हसायचा हक्क आणि दुसऱ्याला मान खाली घालायची शिक्षा, ही वाटणी कुणी केली?

आणि ‘ज्ञ’चं काय? मूळ तो ‘ज’ आणि ‘ञ’. आपण म्हणतो ‘द्न्य’, हिंदीवाले ‘ग्य’, गुजराती ‘ग्न’. गोडादऱ्यात तिन्ही एका गल्लीत ऐकू येतात. ‘च’ घ्या. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘चोर’ म्हणताना दातांच्या मागे. संस्कृतात हा दुसरा ‘च’ नाहीच. तेलुगूत आहे, काश्मिरीत आहे, आमच्या कोकणीत आहे. आपण ‘माझी’ आणि ‘माझा’ यांतले दोन वेगळे ‘झ’ एकाच अक्षरात लिहितो आणि त्याला शुद्ध मराठी म्हणतो. पाणिनीच्या दारात गेलो तर आपल्यालाही उंबऱ्यावरच थांबवतील.

अक्षराची जागा आणि तोंडातला आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे नीट पाहायचं असेल तर ब्रह्मदेशाकडे पाहावं. तिथली लिपी आपल्यासारखीच ब्राह्मीच्या वंशातली. क ख ग घ ङ पासून ळ आणि अ पर्यंत ३३ अक्षरं, क्रमही जवळजवळ आपलाच. पण वाचायला बसा! ‘च’च्या जागेवरचं अक्षर ते ‘स’सारखं उच्चारतात. ‘स’च्या जागेवरचं अक्षर उच्चारताना जीभ दातांमध्ये येते, इंग्रजी ‘थिंक’मधल्यासारखी. पालीतला ‘सच्च’, म्हणजे सत्य, त्यांच्या तोंडी ‘थिस्सा’च्या जवळ जातो. ट-ठ-ड-ढ-ण ही अक्षरं मुख्यतः पालीतून आलेल्या शब्दांसाठी जपली आहेत, पण उच्चार त-थ-द-ध-न सारखाच. म्हणजे गोडादऱ्यातल्या पोराचा ‘ण’ तिथल्या भिक्षूच्या ‘ण’सारखाच! ते ‘ळ’ लिहितात आणि ‘ल’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ‘र’ लिहितात आणि ‘य’ म्हणतात. म्हणून रंगून आणि यांगोन ही दोन नावं नव्हेत, पहिलं अक्षर तेच आहे. आराकानच्या बोलीत तो ‘र’ अजून जिवंत आहे.

हे फार लांबचं वाटत असेल तर रत्नागिरीला या. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केला, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला आणि तो १९१६ साली तिथंच वारला. त्याचा राजवाडा आपण ‘थिबा पॅलेस’ म्हणून पाहतो. त्याचं नाव बर्मी लिपीत अक्षरशः वाचलं तर ‘सीपो’ होतं. तिकडच्या तोंडी ‘स’ दातांत गेला, ‘प’ मऊ होऊन ‘ब’ झाला, इंग्रजांनी आपल्या परीनं लिहिलं आणि आपण ‘थिबा’ केलं. कोकणातला एकही माणूस यामुळे नरकात गेलेला नाही. टिळक १९०८ ते १९१४ ज्या तुरुंगात होते त्या मंडालेचंही तसंच. तिकडे लिहितात ‘त’, बोलतात ‘द’, आपण लिहितो ‘ड’. आणि खुद्द टिळकांना हिंदी मुलूख ‘तिलक’ म्हणतो. ‘ट’ही गेला, ‘ळ’ही गेला. पण लोकमान्यता काही कमी झाली नाही.

यावर पाहुणे पतंजलीचा दाखला देतील हे मला ठाऊक आहे. ‘र’चा ‘ल’ केला म्हणून असुर हरले, ही गोष्ट महाभाष्यात आहे खरी. पण त्याच महाभाष्यात, त्याच पहिल्या आह्निकात, यर्वाण-तर्वाण नावाचे ऋषीही आहेत. रोजच्या बोलण्यात ते शब्द मोडून बोलत, त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. यज्ञात मात्र नीट बोलत. पतंजली त्यांना ज्ञानी म्हणतो. असुरांची गोष्ट सगळ्यांना पाठ, ऋषींची कुणालाच नाही. असं का, याचं उत्तर व्याकरणात सापडणार नाही.

राहिला ‘ळ’. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, म्हणून हसतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘ळ’ आहे, अभिजात संस्कृतात मात्र त्या जागी ‘ड’ दिसतो. मग त्या संस्कृतालाही हसायचं का? बहिणाबाईंची बोली लेवा, अहिराणी नव्हे, पण ‘ळ’चा ‘य’ तिच्यातही होतो. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली आणि तो ‘य’ मातीचा सुगंध ठरला. गोडादऱ्यातल्या पोराच्या तोंडी तोच ‘य’ अशुद्ध. छापलं की बोली आणि बोललं की चूक, हा न्याय मला पटत नाही.

मी काही ‘ण’ शिकवूच नका असं म्हणत नाही. प्रमाण मराठीत ‘मन’ वेगळं आणि ‘मण’ वेगळा, शाळेत हा फरक यायलाच हवा. आम्ही गोव्याच्या मराठी शाळांत शिकलेली मुलं कोकणी हेल घेऊनच प्रमाण मराठी शिकलो आणि त्या हेलावरचं हसूही ऐकलं. पण शिकवणं म्हणजे पोराच्या जिभेवर एक आवाज वाढवणं. चारचौघांत हसणं म्हणजे आहे तो आवाज काढून घेणं. गोडादऱ्यातल्या मुलापुढे गुजराती आणि हिंदी हात पसरून उभ्या आहेत, तिथं त्याच्या ‘न’ला कुणी हसत नाही. मराठीच हसू लागली तर तो कुठे जाईल हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ कशाला हवा? त्या संध्याकाळी तो गेलाच होता.

जेवणानंतर मी त्याला थिबा राजाची गोष्ट सांगितली. सगळी ऐकल्यावर त्यानं विचारलं, “मंग त्या राजाले कोन हासे नई?” नाही रे बाबा, राजाला कोण हसणार! खरं तर उत्तर इतकंच होतं, पण ते त्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही.